जानवशातली अकरावी खोली

१

जोगारावांनी उशी दाबली, सोडली, पुन्हा दाबली आणि कानाशी नेऊन हलवली. उशीत काय वाजणार होतं देव जाणे. पण मुलीकडच्या माणसानं उशीवरसुद्धा विश्वास ठेवू नये, असं त्यांचं मत होतं.

"सर, सगळ्या उशा एकसारख्याच आहेत," हॉटेलची मॅनेजर रेवती म्हणाली. ही तिसरी खोली होती, आणि आधीच्या दोन खोल्यांतही तिनं हेच सांगितलं होतं.

"उशा एकसारख्या असतील अम्मा, माना नसतात. गीझर लावा."

विशाखापट्टणमच्या बीच रोडवरच्या या हॉटेलचा तिसरा मजला त्यांना अख्खा हवा होता. भाची शिरीषाचं लग्न तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आणि वरपक्षाचा जानवसा वर. नवरदेवाकडची माणसं अमलापुरमची; पाहुणचार करण्यात पटाईत आणि करून घेण्यात त्याहून पटाईत. त्यांच्या मजल्यावर कुणी परकं माणूस दिसू नये म्हणून जोगाराव एकेका दाराला हात लावत, मोजत गेले. समुद्राकडे पाच, मागे पाच. वहीत त्यांनी दहा खोल्या लिहिल्या आणि खाली रेघ मारली.

शिरीषा नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून शाळेच्या फीपासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळं मामानं पाहिलं. आता जानवशाचं शिवधनुष्यही मामालाच पेलायचं होतं, ही काही तक्रार नव्हती. पण जानवशात काही कमी पडलं तर ते कोण भोगतं, हे जोगारावांना घरच्याच अनुभवानं माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात मुलीकडच्यांचा पाण्याचा बंब विझला आणि जोगारावांच्या आत्याला गार पाण्यानं आंघोळ करावी लागली. आत्या पुढं सव्वीस वर्षं जगली आणि सव्वीस वर्षं तिनं ते पाणी जोगारावांच्या बायकोच्या, मंगतायारूच्या डोक्यावर ओतलं.

"माझ्या बापानं काय नाही केलं?" मंगतायारू अजून म्हणायची. "एक बंब विझला. तुम्ही सगळे असे बघत होतात, जसं काही मीच फुंकर मारली."

त्या वेळी आपण आत्याला एक शब्द बोललो नाही, हे जोगारावांच्या मनात फार होतं. म्हणून ते गीझरखाली हात धरून उभे राहिले आणि चटका बसेपर्यंत हलले नाहीत.

२

अमलापुरमहून रोज फोन यायला लागला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते जोगारावांनी त्या तीन आठवड्यांत अनुभवलं.

वराची आई सुभद्रम्मा त्यांना 'अन्नय्यगारू', म्हणजे दादासाहेब, म्हणत अतिशय गोड बोलायची, आणि तेच जास्त त्रासाचं होतं. "अन्नय्यगारू, तुम्हाला त्रास नको हं. फक्त आमच्या धाकट्या दिरांना एसी सोसत नाही, आणि त्यांच्या बायकोला एसीशिवाय झोप येत नाही. तेवढं बघा."

"बघतो, वदिनगारू," जोगाराव तिला वहिनी मानून म्हणायचे.

"आणि कॉफी सकाळी साडेपाचला. पण साडेपाचला सगळे उठतात असं नाही. जे उठतील त्यांना त्याच वेळी ताजी. तसं काही नाही, आमची माणसं फार साधी आहेत."

साधी माणसं जोगारावांनी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. बंदराच्या कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी वेगळं काय केलं होतं? फोन ठेवून ते भिंतीकडे बघत बसायचे आणि मग रेवतीला फोन लावायचे. एका खोलीत समुद्राचा आवाज नको. एका खोलीत समुद्र दिसला पाहिजे पण वारा यायला नको. पेसरट्टूत, म्हणजे मुगाच्या डोशात, आलं घालायचं, मात्र वराच्या आजोबांच्या पेसरट्टूत नाही.

लग्नाला आठ दिवस उरले असताना हॉटेलनं खोल्यांची पक्की यादी पाठवली. जोगारावांनी चष्मा पुसून वाचली. तीनशे एक ते तीनशे दहा सगळं बरोबर होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती: तीनशे अकरा. पेद्दम्मा. एकट्या.

पेद्दम्मा म्हणजे घरातली कुणीही वडीलधारी बाई. हे काही नाव झालं नाही.

"रेवतीअम्मा, मजल्यावर दहाच खोल्या आहेत," त्यांनी फोनवर सांगितलं.

"अकरा आहेत, सर. कोपऱ्यावर वळलं की अकरावी."

"मी स्वतः मोजल्यात."

"सर, मी इथे रोज असते," रेवती म्हणाली. तिच्या आवाजात एवढा संयम होता की जोगारावांचं डोकं आणखीच तापलं. "तुमच्या घरूनच फोन आला होता. एक बाई बोलल्या. लग्नघरातूनच बोलतेय म्हणाल्या."

लग्नघर तर दोन्हीकडचं असतं. जोगारावांनी कपाळावर हात मारला. सुभद्रम्मानं परस्पर एक पाहुणी वाढवली होती, आणखी काय!

३

आता विचारायचं कसं? 'ही बाई कोण?' असं व्याह्यांना विचारणं म्हणजे तुमचं माणूस आम्हाला जड झालं, असं तोंडावर सांगणं. तो शब्द मग शिरीषाच्या सासरी किती वर्षं टिकला असता, याचा हिशेब मांडायला जोगाराव तयार नव्हते.

"सरळ विचारा ना," मंगतायारू म्हणाली. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय?"

"तू गप्प बस. गार पाण्याचं विसरलीस?"

"मी विसरेन? पण माझ्या बापानं विचारलं असतं तर बंब विझलाय हे वेळेत कळलं असतं."

जोगारावांनी तिच्याकडे दुर्लक्ष करून अमलापुरमला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "आणि वदिनगारू, पेद्दम्मांची वेगळी खोली केलीय. एकट्या आहेत म्हणून."



"हो का? फार छान केलंत," सुभद्रम्मा म्हणाली. "वडीलधाऱ्या माणसाचं आधी बघावं. त्यांना काही कमी पडू देऊ नका हं."

"मुळीच नाही."

फोन ठेवून जोगारावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. झालं, त्यांचीच होती. वहीतल्या दहाच्या पुढं त्यांनी अकरा लिहिलं, आणि त्यांना उगाच वाटलं, हा आकडा आपल्या अक्षरातला दिसत नाही. वय झालं की हात थरथरतो, त्याला काय करायचं?

४

या पेद्दम्मांच्या मागण्या रेवतीमार्फत यायच्या आणि बाकीच्यांसारख्या चमत्कारिक नव्हत्या. उलट इतक्या समंजस की जोगारावांना भरून यायचं. खोलीत एकच पलंग, पण उशा दोन. गादी फार मऊ नको, पोरीची पाठ दुखते. खोलीत मोगरा ठेवू नका, त्यानं पोरीचं डोकं चढतं, अबोली ठेवा.

"कुठल्या पोरीची पाठ?" जोगारावांनी विचारलं.

"नवरीची म्हणाल्या, सर."

शिरीषाचं मोगऱ्यानं डोकं चढतं, हे खरं होतं. कॉलेजात जिन्यावरून पडल्यापासून तिची पाठ दुखते, हेही खरं होतं. पण ते घरातल्या चौघांना माहीत. मग जोगारावांनी स्वतःलाच झापलं. साखरपुडा होऊन पाच महिने झाले, पोरगी होणाऱ्या नवऱ्याशी रोज दोन-दोन तास फोनवर बोलते. त्या किरीटीनं घरी सांगितलं असणार. सासरच्या एका म्हातारीला सुनेच्या पाठीची काळजी वाटते, आणि आपण शंका काढत बसलोय! अशानं भलं होत नाही.

तरी लग्नाच्या तीन दिवस आधी ते दुपारी हॉटेलवर गेले. दहा दारं मागे टाकून कोपऱ्यावर वळले. तिथं दार होतं. मागच्या वेळी इथं काय होतं? चादरींचं कपाट होतं बहुतेक. का ते दुसऱ्या मजल्यावर?

खोली उत्तम होती. खरं सांगायचं तर सगळ्यांत उत्तम. रेवती फोन घ्यायला बाहेर थांबली आणि दार मागे लागलं. त्याबरोबर समुद्राचा आवाज थांबला. बीच रोडवरच्या गाड्या, खालची आइस्क्रीमवाल्यांची ओरड, सगळं थांबलं. जोगाराव सवयीनं गीझर लावायला निघाले होते, पण आधी जरा पलंगावर टेकले. पाठीला, कमरेला, ज्या ज्या ठिकाणी दुखत होतं तिथं तिथं जणू कुणी हात ठेवला. किती वर्षांत ते असे बसले नव्हते. कुणाचं कमी पडलं, कुणाचं जास्त झालं, काही आठवेना. शिरीषाचं लग्न कधी आहे तेही क्षणभर आठवेना.

तेव्हा मात्र ते दचकून उठले. दाराबाहेर आले तेव्हा रेवती जाग्यावरच उभी होती, पण तिच्या हातात चहाचा रिकामा कप होता आणि बाहेर उन्हं उतरली होती.

"सर, मी दोनदा दार वाजवलं," ती म्हणाली.

"डोळा लागला," जोगाराव म्हणाले. "तीन आठवडे झोप नाही अम्मा, लागणारच."

त्या गडबडीत गीझर बघायचा राहून गेला, हे त्यांना घरी गेल्यावर आठवलं. त्याचीच त्यांना जास्त चुटपुट लागली.

५

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी चारला अमलापुरमची बस आली. सनई-ढोल, पायांवर पाणी, प्रत्येकाच्या हाती गुळाच्या पानकमचा पेला. जोगाराव हात जोडून दाराशी उभे होते आणि सुभद्रम्मा बसमधून उतरता उतरताच म्हणाली, "अन्नय्यगारू, किती केलंत! पानकममध्ये वेलची जरा पुढं झालीय, पण चालतं."

मग दीड तास नुसता गोंधळ. धाकट्या दिरांच्या खोलीत एसी सुरू होता. आजोबांची कवळी बसमध्ये राहिली. कुणाच्या पंख्याचा आवाज येत होता, कुणाच्या पंख्याचा वारा येत नव्हता. जोगाराव वीस वेळा जिना चढले, कारण लिफ्ट पाहुण्यांसाठी होती.

या सगळ्यात पेद्दम्मांचं स्वागत करायचं राहिलं! ते धसकून तीनशे अकराकडे धावले. दार बंद होतं. आतून आवाज येत होता: चादर झटकल्याचा. फाट्. मग हात फिरवल्याचा. पुन्हा फाट्. मग नळ सोडल्याचा, बंद केल्याचा, उशी थोपटल्याचा. म्हातारं माणूस स्वतःच्या हातानं अंथरूण घालत होतं! जोगाराव शरमले.

"पेद्दम्मागारू," ते दाराला तोंड लावून म्हणाले, "मी जोगाराव, मुलीचा मामा. कुणाला तरी पाठवतो. काही कमी-जास्त?"

चादर थांबली.

"काही नको रे बाबा," आतून आवाज आला. अगदी साधा, घरगुती आवाज. "दमलास तू. पोरीची सोय झाली की झालं."

तीन आठवड्यांत 'दमलास तू' असं म्हणणारं हे पहिलंच माणूस. जोगारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या सगळ्या लोकांत एक तरी आहे, पोरीला माया लावेल असं. ते वळले आणि पाचेक पावलांवर त्यांच्या लक्षात आलं की चादर झटकल्याचा आवाज पुन्हा सुरू झालाय. एका पलंगाला किती वेळा चादर घालायची?

पण तेवढ्यात आजोबांची कवळी सापडली, आणि ती भलत्याच आजोबांची निघाली.

६

मुहूर्त सकाळी दहा बेचाळीसचा. नऊ वाजता जोगारावांची बहीण, शिरीषाची आई कामेश्वरी हॉलच्या मागच्या खोलीतून त्यांना शोधत आली. मुलीचं सगळं आवरलं होतं, आणि वरून निरोप आला होता.

"तीनशे अकरातल्या पेद्दम्मा शिरीषाला बोलावतायत. एकटीलाच. आशीर्वाद द्यायचाय म्हणे."

"आत्ता?"

"मी तेच म्हणते. मुहूर्ताआधी नवरीनं जानवशात जायचं असतं का कुठं? असं कधी ऐकलं नाही. काय करू? नको म्हणू?"

जोगाराव घामानं निथळत होते. केळीची पानं कमी आली होती, भटजींचा एक माणूस आला नव्हता, आणि वर चौदा कॉफ्या परत गेल्या होत्या. तरी मनात काहीतरी अडलं. कामेश्वरीचा चेहरा 'नको म्हण' असं सांगत होता. पण सासरच्या सगळ्यांत मोठ्या बाईला, ऐन लग्नाच्या सकाळी, नको म्हणायचं?

"मामय्या," शिरीषा दारातून म्हणाली. भरजरी साडी, कपाळाला बाशिंग, आणि चेहरा वैतागलेला. "दोन तास लागलेत मला बसवायला. वाकले तर सगळं सुटेल. आत्ता पाया पडायलाच हवंय?"

"पाच मिनिटं गं. पाया पड आणि ये. जन्माचा प्रश्न आहे."

"तुमचा प्रत्येकच प्रश्न जन्माचा असतो," ती म्हणाली, हसली आणि गेली. जोगारावांनी तिला लिफ्टपर्यंत पोचवलं. आज पहिल्यांदाच त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

मग केळीची पानं आली. मग वीज गेली आणि आली. जोगारावांनी मागच्या खोलीत डोकावलं, तेव्हा शिरीषा परत आलेली होती. गौरीपुढं मान खाली घालून बसली होती, केसांत अबोलीचा भरगच्च गजरा.

"झालं ना?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली. कामेश्वरीनं खुणेनं त्यांना बाहेर काढलं, गौरीपूजेत बोलायचं नसतं. जोगाराव बाहेर आले आणि मगच त्यांना वाटलं, पाठ दुखत असताना ही जराही न चुळबुळता कशी बसली होती?

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी मामानं नवरीला वेताच्या टोपलीत बसवून मांडवात न्यायचं. जोगारावांना या टोपलीची महिनाभर धास्ती होती. कमरेला पट्टा बांधून, मंगतायारूच्या भावाला दुसऱ्या बाजूला घेऊन, दात आवळून त्यांनी टोपली उचलली. ती उचलली गेली. अशी अलगद की दोघं जवळजवळ मागे कलंडले.

"पोरीनं काही खाल्लंय की नाही?" मंगतायारूचा भाऊ कुजबुजला.

नवरीनं दोन्ही हातांत नारळ धरून त्यामागं चेहरा लपवला होता. जोगाराव चालत राहिले. देवाची कृपा, ते स्वतःला सांगत राहिले, आजच्या दिवस कमरेनं साथ दिली.

७

मांडवात अंतरपाट धरला होता. पलीकडे किरीटी, अलीकडे टोपलीतली नवरी, पाठमोरी. आता मुहूर्ताला दोघांनी एकमेकांच्या डोक्यावर जिऱ्या-गुळाचा गोळा ठेवायचा, अंतरपाट खाली, आणि लग्न लागलं. जोगाराव बाजूला उभे राहून पहिल्यांदाच श्वास घेत होते.

सुभद्रम्मा जवळ सरकली. आता ही काय काढते म्हणून त्यांनी हात जोडून ठेवले.

"अन्नय्यगारू, मुहूर्त जवळ आला. तुमच्या पेद्दम्मांना खाली आणायचं ना? मला पायाही पडता आलं नाही."

"आमच्या?"

"त्याच हो, कोपऱ्यातल्या खोलीतल्या. कालपासून आम्ही सगळे जपूनच चालतोय त्यांच्या दारावरून. मुलीकडचं थोरलं माणूस, विचारायचं तरी कसं की नात्यानं कोण?"

जोगारावांनी जोडलेले हात सोडले. दोन घरं एकमेकांचा मान राखत बसली आणि मधल्या दारानं कुणीतरी सरळ आत आलं. आणि पोरीला त्या दारात आपणच पोचवलं, आपल्या हातानं बटण दाबून.

खिशात फोन थरथरला. पडद्यावर नाव होतं शिरीषाचं.

त्यांनी आधी मांडवाकडे बघितलं. नवरीच्या हातात नारळ होता. दोन्ही हातांत.

"मामय्या," फोनमधला आवाज झोपाळलेला होता. मागे कसलाच आवाज नव्हता. "पाच मिनिटं झाली का हो? पेद्दम्मा म्हणाल्या जरा पड, मी पडले. किती बरं वाटतंय, पाठ दुखतच नाहीये. त्या माझी साडी नेसून खाली गेल्यात, येतील म्हणाल्या." मग तिनं थोडं थांबून विचारलं, "मामय्या, इथं दार कुठल्या बाजूला आहे?"

"शिरीषा! उठून बस. झोपू नकोस. मी येतोय, ऐकतेस ना? मी येतोय!"

पण वर जायचं तर इथं काय होईल? भटजींनी घड्याळाकडे पाहिलं होतं. किरीटीचा हात अंतरपाटावरून वर येत होता, जिरं-गूळ घेतलेला. आणि अलीकडची नवरी मान वळवत होती. गजरा बाजूला सरला आणि जोगारावांना तिच्या गालाची एक कड दिसली. ती त्यांच्याकडेच बघत होती, अगदी मायेनं, म्हाताऱ्या माणसानं दमलेल्या पोराकडे बघावं तशी.

आयुष्यात वरपक्षापुढं ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता ते जोगाराव दोन्ही हात डोक्यावर नेऊन, जिवाच्या आकांतानं ओरडले, "थांबवा! थांबवा हे!"

मुहूर्ताच्या क्षणी कुठलाही अशुभ शब्द नवरा-नवरीच्या कानी जाऊ नये म्हणून वाजंत्र्यांनी जीव तोडून वाजवायचं असतं, आणि त्याची खूण मुलीकडच्या कर्त्या माणसानं हात वर करून द्यायची असते. सनईवाला खुणेची वाटच बघत होता. मामाचे हात वर गेलेले दिसताच त्यानं गाल फुगवले आणि ढोलवाले तुटून पडले. जोगाराव आणखी जोरात हात हलवू लागले, तसे ते आणखी जोरात वाजवू लागले. भटजींनी मान डोलावली. सुभद्रम्मानं डोळे पुसत अक्षता टाकल्या, मग सगळ्यांनीच टाकल्या.

जोगारावांनी फोन कानात खुपसला, दुसरा कान तळव्यानं गच्च दाबला आणि ते गर्दीतून जिन्याकडे ढकलत निघाले. मधेच फोन खाली घेऊन पाहिलं, तर पडद्यावरचे सेकंद पुढं सरकत होते, म्हणजे शिरीषा अजून बोलत होती. ढोलांत त्यांना तिचा एक शब्दही ऐकू येत नव्हता.